पिंजऱ्याबाहेरची हवा

काम म्हटले तर साधे. रॅकवरून पिंजरा खाली घ्यायचा, उंदरांना शेपटीच्या मुळाशी धरून एकेक करून स्वच्छ पिंजऱ्यात सोडायचे, जुना पिंजरा पिंपावर उलटा करायचा आणि तळाला चिकटून बसलेला ओला भुसा खरवडून झाडायचा. की पुढचा पिंजरा. मोठ्या प्राणिगृहात एका पाळीत असे शेकडो पिंजरे होतात. भुसा पिंपात आदळतो त्या क्षणी बारीक धुरळा वर उठतो. उजेडाची तिरीप पडली तर तो दिसतो, एरवी दिसतही नाही. काही महिन्यांनी त्याच माणसाला सकाळी कामावर आल्या आल्या शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात, उंदराची नखे लागली त्या जागी मनगटावर गांधी उठतात. रविवारी बरे वाटते, सोमवारी पुन्हा तेच. आणखी वर्षभराने रात्री छातीत घरघर ऐकू येऊ लागते.

गेल्या शतकात वैद्यकाने जी मजल मारली तीत पांढऱ्या उंदराचा वाटा किती, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पिंजरे झाडणाऱ्या माणसाच्या छातीत काय चालले होते, हे मात्र त्या इतिहासात फार उशिरा नोंदले गेले. प्रयोगशाळेने प्राण्याला रोगापासून वाचवण्यासाठी हवा गाळली, पिंजरे झाकले, खोल्यांतले दाब सांभाळले. तीच साधने माणसाच्या कामी येऊ शकतात, हे लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली.

प्रयोगशाळेसाठी प्राणी पाळणे हा धंदा म्हणून उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्याआधी रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू सिद्ध केला तो गिनीपिगवर, पण तेव्हा प्राणी लागत ते तुलनेने मोजके. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी नावाचे गाव आहे. तिथे ॲबी लॅथ्रॉप या बाई राहत. आजारपणामुळे त्यांना शिक्षिकेची नोकरी सोडावी लागली होती. कोंबड्या पाळून पाहिल्या, ते जमले नाही. मग १९०० च्या सुमारास त्यांनी हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळायला घेतले. गिऱ्हाईक मिळाले ते भलतेच: हार्वर्ड विद्यापीठातले विल्यम कॅसल आणि त्यांच्यासारखे आनुवंशिकीचे अभ्यासक. बघता बघता लॅथ्रॉपबाईंच्या वाड्यात अकरा हजारांवर उंदीर झाले. बाईंनी स्वतः वंशावळीच्या वह्या ठेवल्या, उंदरांच्या अंगावरच्या गाठी ओळखल्या आणि लिओ लोब या संशोधकाबरोबर कर्करोगावर निबंध लिहिले. आज जगभर वापरात असलेला काळा सी-५७ उंदीर हा त्यांच्याच गोठ्यातला. कॅसलचे शिष्य क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये तो वंश उभा केला आणि १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा सुरू केली.

लॅथ्रॉपबाईंचे पिंजरे कोण साफ करी, याचीही नोंद सुदैवाने आहे. गावातली मुले. तासाला सात सेंट मजुरीवर. त्या मुलांपैकी किती जणांची नाके वाहत होती, हे लिहून ठेवण्याचे तेव्हा कुणाला कारण नव्हते. धूळ, वास आणि शिंका हे या कामात गृहीतच धरलेले होते.

मुंबईतही याच काळात प्राणी प्रयोगशाळेत आले. १८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाले. हीच पुढे हाफकिन संस्था झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे पक्के करण्यात इथल्या ग्लेन लिस्टन यांच्या कामाचा वाटा मोठा आहे. प्लेगने उजाड झालेल्या घरांत ते गिनीपिग सोडत, नंतर ते गोळा करून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजत. गिनीपिग म्हणजे पिसवांचा जिता सापळा. परळच्या आवारात मुद्दाम बांधलेल्या खोल्यांतून पुढे असे प्रयोग वर्षानुवर्षे चालले.

त्या पिढीच्या मनात धोक्याचे एकच चित्र होते आणि ते अगदी रास्त होते: आजारी प्राणी माणसाला आजारी करतो. प्लेगच्या प्रयोगशाळेत दुसरी भीती कोण बाळगणार? पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पुढे १९५७ साली क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू उंदरांच्या पिल्लांवर वेगळा काढला गेला, तेव्हाही प्रयोगशाळेतल्या माणसांना त्या तापाची लागण झाली होती. जंतूची भीती खोटी नव्हती. पण तिच्या जोडीला एक समजूतही घट्ट बसली, की निरोगी, स्वच्छ प्राणी म्हणजे बिनधोक प्राणी. प्राण्यांच्या ॲलर्जीने ही समजूत मोडीत काढली. तिच्यासाठी प्राण्याला कुठलाही रोग असावा लागत नाही. तो ठणठणीत असणेच पुरेसे असते.

खरे तर ॲलर्जीचे शास्त्र त्याच वर्षांत, त्याच प्रयोगशाळांत जन्माला येत होते. १९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करायला निघाले. परत आल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिला डोस सहज पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने धापा टाकत मेला. शरीराला एखादी गोष्ट सवयीची होण्याऐवजी तिचा धसका बसू शकतो, हे त्यातून कळले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोघे बालरोगतज्ज्ञ घटसर्पावरचा घोड्याचा रक्तद्रव (सीरम) टोचलेल्या मुलांना ताप, पुरळ आणि सांधेदुखी का होते याच्या मागे लागले होते. १९०६ मध्ये पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरात आणला. पुढची कित्येक दशके या प्रतिक्रियेचा अभ्यास प्रामुख्याने गिनीपिगवर झाला, कारण त्याच्या श्वासनलिका झटक्यात आवळतात.

म्हणजे ॲलर्जी समजून घ्यायला गिनीपिग लागला, आणि त्या गिनीपिगला रोज चारा घालणाऱ्याच्या ॲलर्जीकडे मात्र कुणी वळून पाहिले नाही. हे निष्काळजीपणाने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. रक्तातला नेमका दोषी सापडला नव्हता. तो सापडला १९६० च्या दशकात: डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याला आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांना, जवळजवळ एकाच वेळी. १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला आयजीई हे नाव पडले. आता रक्ताच्या थेंबावरून सांगता येऊ लागले की या माणसाचे शरीर उंदराविरुद्ध तयारीत बसले आहे की नाही.

तोवर डॉक्टरांच्या हाती तुरळक नोंदी होत्या. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकात उंदराच्या ॲलर्जीच्या एका रुग्णाची हकिकत छापून आली. १९६१ मध्ये स्वीडनमध्ये राज्का यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमुळे त्रास झालेल्या दहा जणांची माहिती दिली. १९६४ मध्ये रॉय पॅटरसन यांनी प्राणिगृहे चालवणाऱ्यांच्याच नियतकालिकात या प्रश्नावर लिहिले. एक रुग्ण, मग दहा, मग एक सर्वसाधारण इशारा. १९७५ मध्ये लुत्स्की आणि नॉयमन यांनी अनेक संस्थांकडून माहिती गोळा केली आणि हा व्यवसायजन्य आजार आहे असे शीर्षकातच ठासून लिहिले.

सगळ्यांचा संशय होता तो केसांवर आणि कोंड्यावर. मांजर, कुत्रा, घोडा यांच्या बाबतीत तोच अनुभव होता. चाचण्यांसाठीही केसांचाच अर्क वापरत. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाशी संबंधित तिघांचा एक छोटा निबंध आला: ॲन्थनी न्यूमन टेलर, जोन लाँगबॉटम आणि जॅक पेपिस. पेपिस हे नाव छातीच्या डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते. बुरशी आलेल्या गवताच्या धुळीने शेतकऱ्यांच्या फुप्फुसाला होणारा आजार त्यांनीच उलगडला होता. त्यांची रीत अशी, की रोगी काय काम करतो ते आधी विचारायचे आणि मग त्या कामातली नेमकी वस्तू शोधायची. उंदीर आणि घुशींसारख्या मोठ्या उंदरांबरोबर काम करून दमा जडलेल्या लोकांना त्यांनी तपासले आणि दाखवून दिले की खरा त्रास मूत्रातल्या प्रथिनांचा आहे.

हे शोधायला इतका वेळ का लागला, याचे उत्तर उंदराच्या शरीरात आहे. माणसाच्या मूत्रात प्रथिन दिसले की डॉक्टर मूत्रपिंडाची काळजी करतात. उंदराच्या मूत्रात ते रोजच असते. यकृतात तयार होणारे छोटेसे प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात जाते आणि तिथून भरपूर प्रमाणात बाहेर पडते. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरातले तसे प्रथिन १९६६ मध्ये रॉय आणि न्यूहाउस या जीवरसायनतज्ज्ञांनी वेगळे ओळखलेही होते. त्यांना रस होता तो हार्मोनचा यकृतावर काय परिणाम होतो यात. छातीचे डॉक्टर आणि जीवरसायनतज्ज्ञ एकमेकांचे निबंध वाचत नव्हते, आणि मधल्या अकरा वर्षांत कुणालाही दोन टोके जोडायचे सुचले नाही.

या प्रथिनाचे काम समजले की त्याचा चिवटपणाही समजतो. पेल्यासारखा त्याचा आकार असतो आणि त्या पेल्यात गंधाचे रेणू बसतात. उंदीर चालता चालता मूत्राचे बारीक थेंब टाकत जातो. थेंब वाळले तरी प्रथिनाच्या पोटातला गंध हळूहळू सुटत राहतो आणि ही जागा माझी, असे दुसऱ्या उंदरांना कळत राहते. १९९२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या पेल्याची रचना उघड झाली. नराला या जाहिरातबाजीची गरज जास्त, म्हणून त्याच्या मूत्रात हे प्रथिन मादीच्या सुमारे चौपट असते. लिव्हरपूलमध्ये जेन हर्स्ट यांच्या चमूने २०१० मध्ये यातलेच एक प्रथिन मादीला नराकडे ओढते हे सिद्ध केले आणि जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या डार्सीवरून त्याला ‘डार्सिन’ म्हटले. वाळून टिकणारे, धुळीवर बसून दूर जाणारे असे हे द्रव्य निसर्गाने उंदरांच्या निरोपासाठी घडवले. भुसा खरवडणाऱ्या माणसाच्या श्वासात ते त्याच गुणांमुळे जाते.

कामगारांची मोजदाद नीट सुरू झाली ती ब्रिटनमध्ये, १९८० च्या आगेमागे. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांची, तर दुसऱ्या एका नियतकालिकात औषधनिर्मितीतल्या कर्मचाऱ्यांची स्लोव्हाक आणि हिल यांची पाहणी आली. प्राणी हाताळणाऱ्यांपैकी मोठ्या गटाला, साधारण चारातल्या एकाच्या आसपास, त्रास होता. बहुतेकांना तो कामाला लागल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांतच जडला होता. नाक आणि डोळे आधी, त्वचा त्यांच्या बरोबरीने, आणि काहींच्या बाबतीत पुढे दमा. नाक वाहण्याकडे सर्दी म्हणून दुर्लक्ष करण्याचा धोका यातच होता. ती पुढच्या दम्याची आगाऊ सूचना असू शकते.

उंदीरच तेवढे दोषी असेही नाही. ससे, गिनीपिग, मांजरे, माकडे, सगळ्यांच्या हकिकती जमू लागल्या. टोळांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात टोळांमुळे झालेल्या दम्याची पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्याहून गंभीर गोष्ट छापली: आधीच ॲलर्जी असलेल्या कामगाराला उंदीर चावला की लाळेतली प्रथिने थेट रक्तात जातात आणि सगळ्या अंगावर एकदम प्रतिक्रिया येऊ शकते. रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. तेव्हापासून जाणत्या प्राणिगृहांत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवण्याची पद्धत पडली.

२९ मार्च १९८२ रोजी ब्रिटन सरकारने व्यवसायजन्य दम्याला भरपाईयोग्य आजारांच्या यादीत घातले. सुरुवातीला सातच कारणे मान्य झाली: प्लॅटिनमचे क्षार, आयसोसायनेट, इपॉक्सी रेझिनला घट्ट करणारी रसायने, सोल्डरिंगमधल्या राळेचा धूर, प्रथिने पचवणारी विकरे, धान्याची धूळ, आणि प्रयोगशाळांतले प्राणी व कीटक. प्लॅटिनम गाळणाऱ्याच्या आणि गिरणीत पीठ दळणाऱ्याच्या रांगेत पिंजरा झाडणारा माणूस पहिल्या दिवसापासून बसला, ही या इतिहासातली मोठी घटना आहे. कंपन्यांच्या लेखी आता शिंकांना किंमत आली.

प्रतिबंधाचे खरे यश याच सुमारास आयसीआय या कंपनीत दिसले. नव्याने कामाला लागलेल्यांना पहिल्या दिवसापासून तपासत राहायचे आणि त्याच वेळी कामाचे नियम कडक करायचे, असे तिथे ठरले. झगा, हातमोजे आणि श्वसनाचे साधन सक्तीचे झाले, प्राणी कुठे न्यायचे आणि कुठे नाहीत हे लिहून दिले, आणि सगळ्यात महत्त्वाचे, हा आजार काय आहे हे लोकांना समजावून सांगितले. १९८७ मध्ये बोथम, डेव्हिस आणि टीसडेल यांनी निष्कर्ष मांडले. सुरुवातीच्या तुकडीत पहिल्याच वर्षात तिघांतल्या एकाहून अधिक जणांना त्रास झाला होता. काही वर्षांतच ते प्रमाण दहांतल्या एकाच्या आसपास आले. कुठलेही नवे औषध सापडले नव्हते. बदलल्या होत्या त्या सवयी आणि शिस्त.

त्या आधीच्या पाहण्यांत एक खोट होती, ती या पद्धतीने दूर झाली. आज कामावर असलेल्यांनाच मोजले, तर जे धाप लागून नोकरी सोडून गेले ते मोजणीतून निसटतात, आणि जागा आहे त्याहून सुरक्षित दिसते. पहिल्या दिवसापासून नाव नोंदवून पाठपुरावा केला तरच गेलेल्यांचा हिशेब लागतो.

आता हवेकडे वळायला हवे, कारण इथे प्राणिगृहाची रचनाच उलटी होती.

उंदरांच्या वसाहतीत रोग शिरला की वर्षांचे काम पाण्यात जाते. १९५० च्या दशकात येल विद्यापीठात लिझबेथ क्राफ्ट यांना उंदरांच्या पिल्लांमधल्या जुलाबाच्या साथीने सतावले होते. साथ हवेतल्या धुळीतून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाते, असे त्यांनी ताडले आणि प्रत्येक पिंजऱ्याला गाळणाचे आवरण घातले. साथ आटोक्यात आली. त्यातून पुढे झाकणात गाळण बसवलेले पारदर्शक पिंजरे निघाले. पण झाकलेल्या पिंजऱ्यात ओल आणि अमोनिया साचतो. म्हणून १९८० च्या दशकात जॅक्सन प्रयोगशाळेत एडविन लेस यांनी प्रत्येक पिंजऱ्यात स्वतंत्रपणे गाळलेली हवा सोडण्याची सोय विकसित केली. आज ज्यांना आयव्हीसी म्हणतात ते हे पिंजरे.

या सगळ्याचा हेतू उंदीर निरोगी ठेवणे हा होता. त्यासाठी पिंजऱ्यात आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब थोडा जास्त ठेवत, म्हणजे बाहेरची घाण आत शिरणार नाही. दाब जास्त तिथून हवा कमी दाबाकडे वाहते. म्हणजे फटींतून जी हवा सुटे ती उंदरांकडून माणसाकडे. जंतूंच्या दृष्टीने त्या हवेत काहीच वावगे नव्हते, ती अतिशय स्वच्छ होती. पण अत्यंत निरोगी, निर्जंतुक वंशाच्या उंदराच्या मूत्रातही तेच प्रथिन तितकेच असते, आणि त्या वाऱ्याबरोबर ते फरशी पुसणाऱ्याच्या, पिंजरे बदलणाऱ्याच्या तोंडावर येत राहिले.

१९८० च्या दशकाअखेर हवेतले हे प्रथिन मोजण्याच्या रीती आल्या. पंपाने हवा ओढून गाळणीवर घ्यायची आणि गाळणीवर किती प्रथिन बसले ते प्रतिपिंडांच्या चाचणीने काढायचे. बाल्टिमोरमध्ये एगल्स्टन यांनी १९८९ मध्ये प्रत्येक कामाचे स्वतंत्र मोजमाप दिले. शस्त्रक्रिया करणाऱ्या शास्त्रज्ञाला लागणारी मात्रा वेगळी आणि पिंजरे रिकामे करणाऱ्याला लागणारी वेगळी. झाडण्याच्या कामात ती कित्येक पटींनी जास्त. पगाराच्या आणि प्रतिष्ठेच्या शिडीवर जो सगळ्यांत खाली, त्याच्या श्वासात सगळ्यांत जास्त प्रथिन जाते, हे आता आकड्यांत उतरले.

लंडनमध्ये सुझन गॉर्डन, न्यूमन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग उपाय एकेक करून मोजले. १९९२ च्या त्यांच्या निबंधात एक साधा बदल आहे: पिंजऱ्यात पसरलेल्या भुशाऐवजी जाळीच्या तळाखाली शोषून घेणारा कागद ठेवायचा. हवेतले प्रथिन लक्षणीय घटले. पिंजऱ्यांची दाटी कमी केली की घटते, नरांऐवजी माद्या वापरता आल्या तर घटते, खोलीतली हवा अधिक वेळा बदलली तर घटते, पण नुसती हवा बदलून भागत नाही, कारण धुरळा उठतो तो कामगाराच्या नाकापासून हातभर अंतरावर. त्यामुळे पुढची युक्ती त्या हातभर अंतरात करावी लागली. पिंजरा ज्या टेबलावर उलटा करायचा त्या टेबलालाच मागून हवा ओढून हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून सोडणारी यंत्रणा बसवली गेली, भुसा टाकण्याच्या पिंपाला तशीच तोंडे आली. आणि पिंजऱ्यांच्या रॅकचा दाब उलटा करून पाहिला गेला. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवला, पिंजऱ्यातून निघणारी हवा नळीने थेट छतातून बाहेर सोडली, तर खोलीतले प्रथिन फार मोठ्या प्रमाणात उतरते. क्राफ्टबाईंनी पिल्लांसाठी घातलेले आवरण अशा रीतीने तीस-चाळीस वर्षांनी माणसासाठी राखण करू लागले.

तोंडावरच्या साधनाचा इतिहासही ध्यानात घेण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेचा कापडी मास्क इथे फारसा उपयोगी नाही, तो डॉक्टरचा श्वास रोग्यावर जाऊ नये म्हणून बनला. कडेच्या फटींतून बारीक धूळ आत येतेच. चांगले बसणारे गाळणीचे मास्क आले, आणि ज्यांना आधीच दमा जडला होता त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये खाणकामगारांसाठी बनवलेले हेल्मेट प्राणिगृहात आणले गेले. पंखा हवा गाळून डोक्यावरून चेहऱ्यापुढे सोडतो. १९८५ मध्ये स्लोव्हाक, ऑर आणि टीसडेल यांनी ते दमेकरी प्राणिकर्मचाऱ्यांवर आजमावले आणि बऱ्याच जणांना काम चालू ठेवता आले. साधन जड, ऐकायला त्रासदायक, तासन्‌तास घालायला कंटाळवाणे. म्हणूनच आरोग्याधिकारी ते यादीत शेवटी ठेवतात. आधी भुसा बदला, पिंजरा बदला, टेबल बदला, आणि उरलेल्यासाठी मास्क.

एक वाट मात्र प्रयोगशाळांनी घेतली आणि नंतर बहुतांशी सोडली. ज्यांना लहानपणापासून धुळीची, परागाची ॲलर्जी आहे अशा उमेदवारांना नोकरीच द्यायची नाही, ही ती वाट. कागदावर ती शहाणपणाची वाटते. स्लोव्हाक आणि हिल यांनीच १९८७ मध्ये आकडे तपासून पाहिले तेव्हा तिचे लंगडेपण उघडे पडले. असा कल समाजात मोठ्या संख्येने असतो. त्यातल्या अनेकांना उंदरांचा कधीच त्रास होत नाही, आणि ज्यांच्यात तो कल अजिबात नाही अशांनाही दमा होतो. म्हणजे निरपराध लोकांची भाकरी जाते आणि आजार तिथेच राहतो. पॉल कलिनन यांच्या लंडनमधल्या गटाने १९९० च्या दशकात नव्या कामगारांचा पाठपुरावा करून हवेतल्या मात्रेचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले. माणूस निवडण्यापेक्षा हवा बदलणे जास्त न्याय्य आणि जास्त उपयोगी, हे मत आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे, आणि ते अगदी योग्य आहे.

अमेरिकेच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने, म्हणजे नायोशने, जानेवारी १९९८ मध्ये प्राणिकर्मचाऱ्यांमधला दमा टाळण्याविषयी स्वतंत्र इशारापत्र काढले. त्यात प्राणी हाताळणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना ॲलर्जीची लक्षणे आणि सुमारे १० टक्क्यांना दम्याची लक्षणे असतात, असा अंदाज दिला होता.

भारतात प्राण्यांच्या प्रयोगांची परंपरा परळहून पुढे चालत राहिली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारी १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुण्यात वाढलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे यांनी तिथे प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग घडवला आणि स्तनाच्या कर्करोगावर उंदरांवरून मूलगामी काम केले; आयसीआरसी हा उंदरांचा वंश याच संस्थेचे नाव धारण करतो. असा वंश पिढ्यान्‌पिढ्या जपायचा तर रोज कुणीतरी पिंजरे बदलावे लागतात. संशोधकांची नावे निबंधांवर येतात. पिंजरे बदलणाऱ्यांची कधी कधी आभाराच्या ओळीत.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातून आली. तिचे नियम प्रामुख्याने प्राण्याच्या वेदना आणि निगा यांच्याविषयी आहेत, आणि तसे असणे आवश्यकच आहे. कामगाराच्या श्वासाचा प्रश्न दुसऱ्या दारातून येतो. कर्मचारी भरपाईविषयक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य दम्याचा समावेश आहे, पण कामातच असलेल्या मान्य ॲलर्जीकारक द्रव्यांमुळे झालेला, अशा मोघम शब्दांत. ब्रिटनच्या यादीसारखे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचे वेगळे नाव त्यात नाही. त्यामुळे दमा या कामानेच झाला हे दाखवण्याची जबाबदारी बहुतेकदा रोग्यावर येऊन पडते.

ते दाखवायचे कसे? पद्धती साध्या आणि स्वस्त आहेत. कामाला लागताना, पहिला पिंजरा हातात घेण्याआधी, एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि रक्ताचा नमुना साठवून ठेवायचा. सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी तेच प्रश्न पुन्हा: कामाच्या दिवशी शिंका येतात का, सुटीत थांबतात का, रात्री खोकला उठवतो का. शंका आली तर खिशात मावणाऱ्या नळीत जोराने फुंकून दिवसातून चार वेळा श्वासाचा जोर मोजायचा आणि आकडे वहीत लिहायचे, कामाच्या दिवसांचे आणि सुटीच्या दिवसांचे. काही आठवड्यांत त्या आलेखात सोमवार ते शनिवार उतरत गेलेली आणि रविवारी वर चढलेली रेघ दिसली, तर न्यायालयाला आणि डॉक्टरला आणखी काय हवे? कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी बदलतो अशा ठिकाणी ही वही संस्थेने स्वतःकडे ठेवायला हवी, कंत्राटदाराकडे नाही. नाहीतर माणूस बदलतो, वही हरवते, आणि त्याच्या छातीचा आदला हिशेब कुठेच सापडत नाही.